आमचा ब्लॉग सुक्या कचऱ्यात टाकण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
आपलं मराठी मंडळ, इंदूर

स. न. वि. वि.

मंडळाचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांच्या गावात असं एक मंडळ असतंच : गणपतीत दहा दिवस जागं, कोजागरीला अर्धी रात्र जागं, आणि एरवी वार्षिक सभेच्या कोरमसाठी फोनाफोनी करणारं.

गेल्या सभेचं इतिवृत्त मला ग्रुपवर मिळालं. विषय क्रमांक सात : 'मंडळाच्या ब्लॉगला वाचक राहिले नसल्याने तो बंद करण्यात यावा. डोमेनचे नूतनीकरण करू नये. यापुढे मंडळाचे उपक्रम व्हॉट्सॲप ग्रुप व रील्सद्वारे कळवावेत.' सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. विषय क्रमांक आठ हॉलच्या नव्या खुर्च्यांचा होता आणि त्यावर मात्र पाऊण तास चर्चा झाली म्हणे.

सुनेच्या बाळंतपणासाठी मी पुण्याला होते, म्हणून सभेला नव्हते. आल्यावर सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, मनाला लावून घेऊ नका. आपल्या शहराची सवयच आहे ना, पडून राहिलेलं काढून टाकायची!" २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर आणणारं शहर, तेव्हा विनोद चांगला होता, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र विचार करत बसले की आपला ब्लॉग नक्की कुठल्या डब्यात जातो. ओला कचरा म्हणावा तर इतक्या वर्षांत त्याला वास सुटलेला नाही. सुका म्हणावा तर भंगारवाला त्याचे पैसे देणार नाही.

हे पत्र उघड लिहितेय, कारण आतल्या आत बोललं की आपल्याकडे विषय चहाबरोबर संपतो.

आधी थोडं जुनं. २००८ च्या गणपतीत आपण ब्लॉग काढला तेव्हा हा शब्दच जेमतेम नऊ वर्षांचा होता. जॉर्न बार्गर नावाच्या अमेरिकन माणसानं १९९७ च्या डिसेंबरात आपल्या पानाला 'वेबलॉग' म्हटलं. जाळ्यात फिरताना रोज जे सापडलं त्याची नोंदवही, एवढाच साधा अर्थ. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झनं तो शब्द गमतीनं 'वी ब्लॉग' असा तोडला आणि त्यातून 'ब्लॉग' उरला. त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही सेवा निघाली, २००३ मध्ये ती गूगलनं विकत घेतली. हिंदीत २००३ मध्ये आलोक कुमार यांनी ब्लॉग सुरू केला आणि 'चिट्ठा' हा शब्द रूढ केला. मराठीत कुणी 'अनुदिनी' म्हणालं, कुणी 'जालनिशी'. आपल्या तेव्हाच्या सचिवांना, म्हणजे अण्णांना, 'अनुदिनी' फार आवडायचा. मला तो शब्द आरतीच्या वेळचा वाटे. दोन रविवार वाद झाला. शेवटी फलकावर 'ब्लॉग' लिहिलं आणि अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

या बाबतीत इंदूरकरांनी नाक जरा वर ठेवायला हरकत नाही. वेबदुनिया हे हिंदीतलं पहिलं मोठं पोर्टल १९९९ मध्ये याच शहरातून निघालं. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. आपण मागे होतो असं नाही. आपल्याला फक्त टाइप करता येत नव्हतं.

तो काळ आठवतो का? मंडळाच्या ऑफिसात, कपबशांच्या कपाटाशेजारी कॉम्प्युटर. अण्णा सांगत, मी टाइप करी. बँकेतली नोकरी, त्यामुळे इंग्रजीत हात चालायचा, मराठीत एकेक बोट अक्षर शोधत फिरायचं. आधी सगळं 'शिवाजी' फॉन्टात; ज्याच्याकडे तो नाही त्याला पानभर अगम्य चिन्हं. युनिकोड आलं, आपण सुटलो, पण 'ऱ्य' काही सुटला नाही. 'दुसऱ्या' लिहायला जावं तर 'दुसर्या' होऊन बसायचं, 'य'च्या डोक्यावर रफार. अण्णा चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "हे नाही चालणार. पुण्याहून कुणी वाचलं तर काय म्हणेल?" एक अख्खी संध्याकाळ त्या अर्ध्या 'र'साठी गेली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं कुठली शिफ्ट दाबायची ते दाखवलं, आणि अण्णांनी त्याला खिशातले पन्नास रुपये काढून दिले. पुण्याहून वाचणाऱ्या त्या माणसाला मात्र विसरू नका, पुढे तो परत येणार आहे.

आता ठरावातलं मुख्य कारण : वाचक नाहीत. खरं आहे. कधी नव्हतेच. सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख साबुदाण्याच्या खिचडीवरचा, आणि तोही खिचडी चिकट का होते हे शोधत आलेल्या लोकांनी वाचलेला. पण वाचक मोजायला आपण काढला होता का तो?

या शहरात मराठी साहित्य संमेलन तीनदा भरलं : १९१७, १९३५ आणि २००१. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं हिंदी साहित्य संमेलनही इथे दोनदा झालं, १९१८ आणि १९३५. म्हणजे १९३५ मध्ये एकाच वर्षात दोन्ही भाषांचे मांडव याच गावात पडले. अध्यक्षांची भाषणं छापली गेली, शोधली तर मिळतात. पण त्या मांडवात पाणी वाढत फिरणाऱ्या पोराला काय दिसलं, हे कुठे वाचायचं? असं काही लिहून ठेवायला तेव्हा जागाच नव्हती. नंतरही फारशी झाली नाही. इथली हिंदी वर्तमानपत्रं गणेशोत्सवाला चार ओळी आणि एक फोटो देतात. त्यांना तेवढंच परवडतं. पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांना आपण 'बृहन्महाराष्ट्र' या मथळ्याखाली वर्षातून एकदा आठवतो. एखादं मासिक निघतं, काढणाऱ्यांना माझा नमस्कार, पण त्याची पानं ती किती. आणि आपल्यातली लिहिती माणसं वाचकांच्या मागे हिंदीत गेली. राहुल बारपुते यांनी 'नईदुनिया' कितीतरी वर्षं संपादित केला आणि हिंदी पत्रकारितेला वळण लावलं. त्यांचा अभिमान आहेच, पण त्यांच्या शहरातल्या मराठी गल्लीची नोंद मराठीत कुणी ठेवायची हा प्रश्न उरतोच.

एक गोष्ट सांगते. २०११ मध्ये मी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांवर, लिहिलं. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, देणी अडकली, तरी कामगार वर्गणी काढून रात्रीची झांकी काढत राहिले, त्याबद्दल. त्या लेखाला चौदा वाचक मिळाले, त्यांतले निम्मे वेळा मीच उघडून पाहिलं असेल. २०१९ मध्ये एका रात्री कॅनडातून मेल आली. एका मुलानं आजोबांच्या मिलचं नाव मराठीत टाकून शोधलं होतं आणि आपला लेख निघाला होता. त्यानं फोटो जोडला होता : बांबूचा नि कापसाचा भला मोठा हत्ती, सोंड तारेनं हलणारी, आणि हत्तीच्या पोटाखाली बसून ती तार ओढणारा एक बनियनवाला माणूस. 'हे आजोबा. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं की हत्ती हे चालवायचे.' आठ वर्षं तो लेख त्या एका माणसाची वाट बघत पडून होता. व्हॉट्सॲपवर आठ वर्षांपूर्वीचं काही शोधून दाखवा. फोन बदलला की गेलं.

आणि जे जात नाही ते नाव गमावून फिरतं. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याबद्दल मी लिहिलेला लेख मला माझ्या नणंदेनं नागपूरहून पाठवला, 'वाच, किती सुंदर लिहिलंय' म्हणून. खाली एका फार मोठ्या लेखिकेचं नाव होतं. नणंदेला सांगितलं की हे माझं आहे. तिनं हसणारा चेहरा पाठवला.

इथवर तुम्ही म्हणाल, बाई ब्लॉगची आरती ओवाळायला बसल्या. नाही. कुणी का वाचेना, याची अर्धी कारणं आपल्याच घरातली आहेत, आणि त्यांतली निम्मी माझी.

मध्यंतरी मी पहिल्यापासूनचे सगळे लेख ओळीनं वाचले. तीनशेच्या वर आहेत. होळकर, अहिल्यादेवी, वाडे, सणावारांचे पदार्थ, आणि 'तेव्हा किती छान होतं'. लिहिणारे बँकेतून, वीज मंडळातून, शाळांतून निवृत्त झालेले. आडनावं मोठ्यानं वाचून दाखवली तर तुम्हीच गालातल्या गालात हसाल. सगळी एका पंगतीतली. इंदुरात मराठी काय फक्त आपण बोलतो? मिलच्या चाळींत बोलतात, परदेशीपुऱ्यात बोलतात. बऱ्हाणपूरकडून आणि खानदेशातून आलेला भाजीवाला माझ्याशी मराठीत घासाघीस करतो आणि शेजारणीशी हिंदीत. त्यांच्यातल्या एकाचाही लेख नाही. आपण अडवलं नाही, बरोबर. आपण 'लेख युनिकोडमध्ये टाइप करून पाठवावा' एवढंच लिहिलं आणि दार आपोआप बंद झालं.

त्याहून मोठी चूक मी केली ती शुद्धीची. मल्हारगंजातल्या एका आजींकडे मी फोन ठेवून बसले होते. नव्वदी उलटलेली, आवाज खणखणीत. सराफ्याच्या जुन्या रात्रींबद्दल बोलत होत्या, म्हणजे दागिन्यांची दुकानं मिटल्यावर तिथे भरणाऱ्या खाण्याच्या बाजाराबद्दल. म्हणाल्या, "आम्ही तं वरून बघून राहायचो. खाली इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही मिळत. यांना म्हटलं, मला पण आणून द्या ना गराडू, तं हे म्हणतात, घरच्या बायका सराफ्याचं नाही खात. मग मी काय केलं, दिराला पटवलं!" आणि अशा हसल्या की ठसका लागला.

मी ब्लॉगवर काय घातलं? 'आम्ही माडीवरून पाहत असू. खाली तोबा गर्दी असे. मी यांच्याकडे गराडूची मागणी केली असता...'

केली असता! आजी गेल्या. रेकॉर्डिंग जुन्या फोनाबरोबर गेलं. या शहरात दोनशे वर्षं मुरलेली, हिंदी-माळवीशी एका ताटात जेवलेली मराठी माझ्या हातात होती, आणि मी ती पुण्याहून वाचणाऱ्या त्या माणसासाठी धुऊन, इस्त्री करून ठेवली. तो माणूस कधी आलाच नाही, हे वेगळंच. (वरचे आजींचे शब्द मी आठवून लिहिलेत. 'दिराला पटवलं' पक्कं आठवतं, बाकी अदमासानं.)

लहानसहान लबाड्याही आहेत. एका नमकीनवाल्यानं शेवेची चार पाकिटं पाठवली आणि आपण 'इंदूरची खरी शेव' असा लेख टाकला. पाकिटं फुकट आली होती हे कुठेही लिहिलं नाही. आता जाहिरात मानक परिषदेनं २०२१ पासून इन्फ्लुएन्सरांना घालून दिलंय की पैसे किंवा वस्तू घेतल्या असतील तर तसं उघड सांगा. आपल्याला कुणी इन्फ्लुएन्सर म्हणणार नाही, शेव मात्र आपण खाल्ली. माझ्या सासूबाईंच्या पुरणपोळीबद्दल मी तटस्थ लिहावं अशी कुणाची अपेक्षा नसावी. ब्लॉगवर माणूस आपल्या माणसाची बाजू घेणारच, त्यासाठीच लोक तो वाचतात. पण पोळी सासूबाईंची आहे हे आधी सांगायला हवं.

भीतीचंही थोडं. २००६ च्या जुलैत, मुंबईच्या लोकल स्फोटांनंतर, सरकारनं मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच काही दिवस बंद करून टाकलं. नंतर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी अटक झाली. त्यामुळे आपण सांभाळून असायचो, ते समजू शकते. पण २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं अशा अटकांमागचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ रद्द केलं. आपल्या मंडळात ते अजून लागू आहे. आपल्या एका सरकारी नोकरीतल्या सभासदानं टोपणनावानं गल्लीतल्या ड्रेनेजवर लिहिलेला लेख 'हे आपलं व्यासपीठ नाही' म्हणून परत गेला. लोकहितवादीही सरकारी नोकरच होते, आणि तेही टोपणनावानंच लिहायचे. १८४८ मध्ये भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'नं ती पत्रं परत पाठवली असती तर?

आता जे सांगायला मला बारा वर्षं लागली ते.

२०१३ मध्ये मी एका वाड्यावर लिहिलं होतं. वाडा पाडायला काढला होता, नाव लिहीत नाही, घरातली माणसं अजून इथेच आहेत. मी लहानपणी तिथे भोंडल्याला जायचे. लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले होते. दिंडी दरवाजा, चौकातलं तुळशीवृंदावन, झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज, सगळं आलं होतं. तिसऱ्या दिवशी खाली एक कमेंट आली. नुसतं पहिलं नाव, एका बाईचं.

'मॅडम, वाडा छान लिहिला. त्याला मागचं दार पण होतं, गल्लीकडून. माझी आई तिथून भांडी घासायला यायची. अकरा वर्षं आली. पुढच्या दारानं कधी नाही आली. ते पण लिहा.'

मी तेव्हाच्या अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, वाद नको. मी कमेंट काढली. त्यांनी सांगितलं म्हणून काढली असं म्हणणं सोयीचं आहे, पण खरं तर मला ती माझ्या सुंदर लेखाखाली खुपत होती. वाद कसला? 'छान लिहिला' असं म्हणून तिनं सुरुवात केली होती. आणि मागचं दार मला आठवत होतं! त्या दाराशी राखेचं मडकं असायचं, मी ते पाहिलं होतं. चारही बाजूंनी वाडा लिहिला आणि तेवढं सोडलं.

तिनं पुन्हा कधी कमेंट केली नाही. साहजिक आहे.

तर असा हा आपला ब्लॉग. यात बंद करण्यासारखं पुष्कळ आहे हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी बंद करू नका म्हणते, त्याचं कारण या गणेशोत्सवातच मिळालं.

यंदाचा अहवाल आपल्या एका उत्साही सभासदानं एआयकडून लिहून घेतला. शुद्धलेखनाची एक चूक नाही, 'ऱ्य'सुद्धा जागच्या जागी. अण्णा असते तर खूश झाले असते. ढोलताशांचा गजर आहे, भक्तिमय वातावरण आहे, आबालवृद्ध आहेत, आणि शेवटी सर्वांनी मोदकांचा आस्वाद घेतला. मोदक नव्हते हो. श्रीखंड होतं, तेही दुसऱ्या पंगतीला संपलं आणि कोषाध्यक्षांनी स्वतःच्या स्कूटरवरून जाऊन पाच किलो जिलबी आणली. पाचव्या दिवशी एकांकिकेच्या ऐन शेवटी माइक गेला. त्या मुलीनं, बारावीत आहे ती, क्षणभर विंगेत पाहिलं आणि उरलेलं स्वगत घसा ताणून म्हटलं. मागच्या रांगांतली माणसं खुर्च्या उचलून पुढे सरकली. या उत्सवात लिहिण्याजोगं होतं ते एवढंच, आणि नेमकं तेच अहवालात नाही.

दोष यंत्राला देत नाही. सांगणाऱ्यानं त्याला माइकचं सांगितलंच नव्हतं, मग त्यानं सगळ्या मंडळांना बसेल असा सदरा शिवला. पण दुसरंही आहे. ही यंत्रं जालावरचा मजकूर वाचून भाषा शिकतात, आणि त्या मजकुरात इंदूरची मराठी औषधालाही सापडायची नाही. कशी सापडेल? जी सापडली असती तिची आम्ही 'केली असता' करून टाकली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण हॉलमध्ये पेढे वाटले. त्या मराठीत 'दिराला पटवलं' बसतं की नाही, हे कुणी विचारलं नाही.

ब्लॉगला पुन्हा गर्दी होईल असं मी म्हणत नाही. ती वेळ गेली. २०१३ च्या १ जुलैला गूगल रीडर बंद झाला, रोज सकाळी नवे ब्लॉग एका जागी वाचण्याची अनेकांची सवय तिथेच मोडली. लोक फेसबुकवर गेले, मग फोटोंत, मग रील्समध्ये. रील्स करा, मी स्वतः बघते, आपल्या मुलींनी केलेली लेझीमची रील मी चारदा पाहिली. पण सगळा संसार तिथे मांडू नका. जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये, आणि टिकटॉकवर २०२० च्या जूनअखेर सरकारनं बंदी घातली. प्रत्येक वेळी कुणीतरी आपलं सामान रस्त्यावर शोधत बसलं. आपला ब्लॉग तरी कुठे स्वतःच्या जमिनीवर आहे म्हणा. जमीन गूगलची, पत्ता तेवढा आपला. म्हणून तो पत्ता तरी सोडू नका.

त्या पत्त्याचीही एक कथा आहे आणि ती कार्यकारिणीला माहीत नसावी. डोमेन कोषाध्यक्षांच्या बंगलोरच्या पुतण्याच्या नावावर आहे, कारण २००८ मध्ये आपल्यात क्रेडिट कार्ड त्याच्याकडेच होतं. नूतनीकरणाची आठवण येते ती अण्णांच्या मेलवर. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. दोन वर्षं न वापरलेली खाती पुसायचं धोरण गूगलनं २०२३ मध्ये जाहीर केलं, आणि ब्लॉगची किल्ली त्याच खात्यात. मी काकूंकडे गेले. काकूंनी चहा केला, कपाट उघडलं, आणि दुधाच्या हिशेबाची वही काढून मागचं पान दाखवलं. तिथे अण्णांच्या बारीक अक्षरात पासवर्ड होता, खाली रेघ मारून. खाली कंसात : 'र' मोठा.

मी आत शिरले, सगळे लेख आणि कमेंटी उतरवून घेतल्या, एक प्रत माझ्याकडे, एक काकूंच्या नातवाकडे. एवढ्यानं भागणार नाही. डोमेन मंडळाच्या नावावर घ्या, मेल सचिवपदाची हवी, सचिवाची नको. किल्ली दोघांकडे असू द्या आणि त्या दोघांतला एक चाळिशीच्या आतला. वर्षाचा खर्च कोजागरीच्या दुधातल्या केशराएवढाही नाही. सोडून दिलात तर तो पत्ता दुसरा कुणी घेईल, आणि कॅनडातला पुढचा नातू आजोबांना शोधत येईल तेव्हा त्याला आपल्या मंडळाच्या नावाखाली रमीचे पत्ते दिसतील.

आणि लिहिणारे बदला. मला काढा पहिली. युनिकोडची अट काढा. ज्याला बोलायचं आहे त्यानं फोनमध्ये बोलावं, आपली पोरं उतरवून घेतील, आणि जसं बोललं तसंच ठेवतील, 'करून राहिले' तर 'करून राहिले'. भाजीवाल्याला मी विचारलंय. तो म्हणाला, "मी काय सांगू ताई, मंडीत पहाटे तीनला काय होतं तेवढं येतं सांगता." मला पहाटे तीनची मंडी माहीत नाही. तुम्हाला आहे?

ती कमेंट माझ्या मेलमध्ये होती. प्रत्येक कमेंट मेलनं यायची, ब्लॉगवरून काढली तरी मेल राहिली. काल रात्री ती मी वाड्याच्या लेखाखाली परत लावली, माझ्या नावानं, 'ही २०१३ मध्ये मी काढून टाकली होती' असं वर लिहून. त्या बाईंचा पत्ता माझ्याकडे नाही.

येत्या रविवारी सभा आहे. काकूंनी वही दिलीये, ती घेऊन येते. विषय क्रमांक सात पुन्हा घ्या, आणि खुर्च्यांच्या आधी घ्या.

आपली,
एक आजीव सभासद
सुदामानगर, इंदूर